बर्फाचं दप्तर

देवाने उद्या नवा कोरा सूर्य आणून दिला, तरी आमचे साडू तो आधी चार दिवस गोठ्यात लावून बघतील आणि मगच आकाशात सोडू देतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहणार सोनई, घरी ऊस, दोन गाई आणि प्रत्येक नव्या वस्तूबद्दल दांडगा संशय. छत्री घेतली तर ते पावसाची वाट पाहत नाहीत, छत्री उघडून शेतातल्या तुषार सिंचनाखाली जाऊन उभे राहतात. खाट घेतली तर आळीतल्या सगळ्यात जाड माणसाला चहाला बोलावून तिच्यावर बसवतात आणि चहा मुद्दाम उशिरा आणतात. कुकर घेतला तेव्हा पहिल्या दिवशी त्यात नुसतं पाणी शिजवलं आणि शिट्टी कुठवर ऐकू येते ते शेजाऱ्यांना विचारत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. माझ्या मेहुणीला बघायला आले होते तेव्हाही तेच. मुलगी समोर येऊन बसली, तर यांनी पाणी मागितलं. ते प्याले आणि पुन्हा मागितलं. मग सासऱ्यांना म्हणाले, "पयला तांब्या नळाचा हुता, दुसरा हिरीचा. हिरीचं पानी लई गोड हाय. मला पसंत हाय." मुलगी पसंत की विहीर, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही. सासरे जागच्या जागी विरघळले. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा कडक इस्त्रीचा सफारी घालून गेलो होतो आणि दोन वाक्यं इंग्रजीतही बोललो होतो. ती आठवण आज त्या घरात फक्त मला आहे.

मला साडूंचा हेवा वाटतो, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवणार नाही. सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणतो. पाथर्डीच्या पलीकडे, कोरड्या माळावर त्यांचं गाव. उमेदीच्या काळात ते पाथर्डी-नगर रस्त्यावर वडाप जीप, म्हणजे सीटवर पाशिंजरं भरून नेणारी, चालवायचे. माणूस बोलायला कमी, पण एकदा हसला की घरात दिवा लावल्यासारखं वाटतं, आणि हा दिवा बहुतेक वेळा सोनईच्या दिशेने लागतो. मी मामांना भारी शाल दिली, ती कपाटात आहे. घड्याळ दिलं, तेही कपाटात, शालीच्या घडीत. साडूंनी एक साधी बॅटरी दिली, तीही म्हणे रात्रभर हौदात बुडवून तपासलेली, तर ती मामांच्या उशाशी असते. मी थोरला जावई. पण पाय धुवायला तांब्या पुढे झाला की मामांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जाते, धाकटा आला का म्हणून.

यातलं बाकी सगळं मी गिळलं असतं. एक मात्र घशात अडकून बसलं होतं. कोल्हारला मी नवं घर बांधलं, माझ्या खताच्या दुकानाला लागूनच, समोर मोठा ओटा, ओट्यावरून रस्त्यावरची सगळी वर्दळ दिसते. वास्तुशांतीला मामा आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. "ऊन उतरू द्या", "दिवाळी होऊ द्या", "येतो की, कुटं पळून चाललंय घर", अशी दरवेळी एक नवी सबब. आणि सोनईला मात्र सहा महिन्यांत एकदा तरी चक्कर असायचीच. बायको म्हणायची, "सोनई जवळ आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं." मी म्हणायचो, "जवळ काय ते मला कळतं." ओट्यावर मी मामांसाठी म्हणून एक वेताची खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यात इतर कुणी बसलं की मला राग यायचा.

अशात यंदाच्या उन्हाळ्यात साडूंनी मोबाईलवरून एक पाठीवरची पिशवी मागवली. दिसायला शाळेच्या दप्तरासारखी, निळी, आतून चंदेरी, आणि म्हणे तिच्यात बर्फ भरला की उन्हातान्हात दिवसभर सरबत गार राहतं. झालं, परीक्षा सुरू. पहिल्या दिवशी त्यांनी ती ताकाच्या बाटल्या भरून गच्चीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाठीला लावून भर दुपारी बांधाबांधाने हिंडले. एका म्हातारीने विचारलं, "कंच्या साळंत नाव घातलं रं बाबा?" तर तिला थांबवून, झाकण उघडून गार ताक पाजलं आणि वर विचारलं, "किती गार हाय? दातांला कळ लागती का?" म्हातारीला दात नव्हते, म्हणून मग दात असलेलं माणूस शोधत पुढे गेले. उसाचा रस, सोडा, कैरीचं पन्हं, गाईचं दूध, सगळं त्या दप्तरातून फिरून आलं. मोटारसायकलवर, एसटीच्या टपावरच्या उन्हात, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. कंडक्टरने टपावर कसं चढू दिलं ते विचारू नका, त्यालाही पन्हं मिळालं असणार.

आणि या सगळ्याची खबर मला फोनवर. दुकानात खताच्या गोण्या उतरत असताना, घामाने अंग निथळत असताना फोन वाजायचा. "साडूभाऊ, बर्फ हाय अजून." बस्स, एवढंच. फोन बंद. तासाभराने पुन्हा, "साडूभाऊ, निम्मा हाय." मी रोज मनापासून इच्छा करायचो की आज तरी बर्फाचं पाणी व्हावं, पिशवीची शिवण उसवावी. तसं काही होत नव्हतं. नवल म्हणजे साडू स्वतः कधी खूश नसायचे. एका दुपारी मी वसुलीच्या निमित्ताने सोनईला गेलो होतो. त्यांनी मला सोडा पाजला. एवढा गार सोडा मी जन्मात प्यालो नव्हतो, टाळू बधिर झाली. मला ते कबूल करायचं नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना दिसलं. तर हा गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणतो, "लई गार झालं. चुकलं." आणि दप्तरात हात घालून तळातून रुमालात गुंडाळलेली एक इवलीशी काचेची बाटली काढली, डोळ्यांपुढे धरून हलवली आणि मान हलवत पुन्हा ठेवली. मला वाटलं अत्तर असेल. अत्तरसुद्धा गार लावणारा माणूस म्हणून माझा आणखी जळफळाट झाला.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, हा आपल्याकडचा रिवाज. दोघा जावयांना एकाच दिवशी बोलावणं आलं. साडू दप्तर आणणार हे सांगायला नकोच होतं, तेव्हा मीही तयारीला लागलो. नगरच्या जुन्या बाजारात हिंडून मी एक छागळ मिळवली. पूर्वी जीपच्या पुढे जाड कापडाची पाण्याची पिशवी लटकत असायची, वारा लागून आतलं पाणी गार व्हायचं, ती छागळ. मामांच्या जीपला ती असायचीच. बर्फ नको, मोबाईल नको. मामांच्या मनात शिरायची वाट मला अखेर सापडली होती.

फक्त नवी छागळ आधी रात्रभर भिजवून कापड फुगू द्यावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो आणि पाथर्डी येईपर्यंत सगळं पाणी माझ्या पँटीत उतरलं. शेजारचा म्हातारा हळूच सरकून बसला. स्टँडवर उतरलो तेव्हा बायको माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होती. सासूबाईंनी दारात ओवाळताना माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि शहाण्या बाईसारखं काही विचारलं नाही. साडूंनी मात्र कापड चिमटीत धरून पाहिलं. "छागळ व्हय? आता भिजली ती. आता धरंल पानी," म्हणाले आणि स्वतः ती भरून लिंबाच्या फांदीला वाऱ्यावर टांगून आले. वैऱ्याने एवढं चांगलं वागू नये.

जेवणं झाली. धोंडे खाऊन सगळे लिंबाखाली लवंडले. ऊन असं, की माळाकडे बघवत नव्हतं. साडूंनी दप्तर उघडून सगळ्यांना पन्हं दिलं, वाहवा झाली. मग मी उठलो, छागळीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि मामांपुढे धरलं. मामांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "जीपला अशीच हुती. करंजीच्या घाटात थांबलो की पाशिंजरं पयली छागळीकडं पळायची." आणि हसले. तो दिवा माझ्याकडे तोंड करून लागला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तांब्या हातात धरून वळलो, साडूंचा पडलेला चेहरा बघायला.

साडूंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते दप्तरापुढे उकिडवे बसले होते. एका हातात दूध डेअरीतून आणलेला तापमापक आणि दुसऱ्या हातात ती अत्तराची बाटली. ती उन्हाकडे धरून त्यांनी हलवली, आतलं पाणी हललं, आणि हा माणूस लहान पोरासारखा ओरडला, "जमलं! गार हाय, पर गोठलं न्हाई! मामा, आता कोल्हारला जायचं!"

मला काही कळेना. मग कळलं ते असं. मामांना शुगर आहे आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घ्यावी लागते, हे मला माहीत होतं. त्यांच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी स्टीलच्या डब्यात ते औषध मी पाहिलेलंही होतं. पण ते उन्हात तापलं तरी खराब आणि बर्फाला टेकून गोठलं तरी खराब, म्हणून मामा ते घेऊन घराबाहेर पडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. बंद गाडीत मामांना मळमळतं, जायचं तर एसटीने, खिडकीपाशी. म्हणजे पाथर्डी, नगर, मग कोल्हार, असा अर्धा दिवस. सोनईला जायचे तेही सकाळची सुई घेऊन, आणि संध्याकाळच्या सुईच्या आत परत. त्या इवल्या बाटलीत औषधाऐवजी पाणी घालून साडू उन्हाळाभर तिला माळावर फिरवत होते. ताक, सोडा, रस ही सगळी सोबतीला.

"आरं पर आधी तुझ्याकडं मुक्कामाला आलो अस्तो की," मामा त्यांना म्हणाले.

"न्हाई मामा. थोरल्याचं घर आधी. तुमी न्हाई का म्हनला, थोरल्याचा वटा बघितला न्हाई म्हून झोप लागत न्हाई?"

मामा लिंबाच्या शेंड्याकडे बघायला लागले. मीही दुसरीकडे बघायला लागलो. पँट वाळली होती, एवढी एक बरी गोष्ट.

मामा कोल्हारला आले. मी स्टँडवर गेलो होतो. पांढरं धोतर, टोपी आणि पाठीला निळं दप्तर अशा थाटात ते एसटीतून उतरले आणि शाळा सुटलेल्या पोरासारखे इकडेतिकडे बघू लागले. मी दप्तर घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मला जमतंय." ओट्यावर आले, वेताच्या खुर्चीत बसले, रस्त्यावरच्या ट्रका बघत बसले. बायकोने औषध फ्रीजमध्ये ठेवलं. मी सुखाने उभा होतो तोच मामा म्हणाले, "सोनईला फोन लाव. पोचलो म्हनावं." माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसूनसुद्धा! पण लावला.

"अवशिद गार हाय का?" तिकडून पहिला प्रश्न.

"गार आहे."

"गोठलं न्हाई ना?"

"नाही."

मग त्यांचा आवाज जरा खाली आला, "मंग आज मुक्काम तुमच्याकडं. आमच्याकडं आले की चार वाजल्यापास्नं चपला हुडकत्यात. रातचं जेवन एकदा बी झालं न्हाई बघा आमच्याकडं. बरं हाय साडूभाऊ. नशीब लागतं."

हा सूर मी ओळखला. मेहुणीचं लग्न झाल्यापासून मी रोज याच सुरात बोलत आलो होतो, आणि साडूंच्या तोंडून तो एकदा ऐकावा म्हणून किती वाट पाहिली होती. ऐकला, आणि मला काही बरं वाटलं नाही. ओट्यावर मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, पाय पसरले होते. निघायच्या बेतात नसलेला माणूस कसा बसतो, ते मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि साडूंनी तर ते कधीच बघितलेलं नव्हतं.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "जाताना मामांना मीच घेऊन येतो. वाटेत सोनईला मुक्काम करू. दोन दिवस."

मग त्यांनी घसा खाकरला. "खरं? मंग थांबा, ठिवतो फोन. फ्रीज बघतो नीट चालतोय का."

फोन ठेवायचा ते विसरले. कोल्हारला माझ्या ओट्यावर उभा राहून मी ऐकत होतो, ते सोनईत फ्रीजचं दार उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते.