द्वारकाबाईचा हात

कुरुंद्यात गेली चाळीस वर्षे नव्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालते ती द्वारकाबाई. माझी दोन्ही मुले तिच्याच पायांवर न्हाली. डोके गोल यावे म्हणून ती तेलाच्या तळव्याने ते हलके दाबते. आमच्याकडे सगळ्याच तसे करतात.

शेजारच्या शिवकन्येचा नागेश सहा महिन्यांचा झाला तरी मान धरेना. बारशाचे टोपडे अजून सैलच होत होते. एके सकाळी तिची सासू रुख्मिणीबाई भर गल्लीत द्वारकाबाईवर ओरडली, "हिनंच दाबू दाबू नातवाचं डोकं बारीक केलं!"

"तुमच्या लेकाचं, विजयकुमारचं बी मीच दाबलं व्हतं," द्वारकाबाई म्हणाली. "त्याचं काहून न्हाई झालं? चांगलं भोपळ्याएवढं हाय की!"

बायका हसल्या. पण संध्याकाळी द्वारकाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली, दोन्ही तळहात उताणे ठेवून.

"बाई, खरं सांगा. माज्या हातानं झालं असंल का?"

मला माहीत नव्हते. तसेच सांगितले. त्यानंतर महिनाभर तिने एकाही बाळाला हात लावला नाही.

नागेशला हिंगोलीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचे ठरले, तेव्हा मी द्वारकाबाईलाही गाडीत बसवले.

डॉक्टरांनी टेपने डोके मोजले आणि जन्माचे कार्ड मागितले. "जन्मला त्या दिवशीच घेर एकोणतीस सेंटिमीटर. पुऱ्या दिवसांच्या बाळाचा साधारण चौतीस असतो. तेल कधीपासून लावलं?"

"घरी आणल्यावर. चौथ्या दिवशी," शिवकन्या म्हणाली.

"मग त्याचा काही संबंध नाही. मेंदू वाढतो तसं डोकं वाढतं. याचा मेंदू पोटातच कमी वाढला. मायक्रोसेफली म्हणतात याला."

द्वारकाबाईने पदर तोंडाला लावला. रुख्मिणीबाई मात्र सुनेकडे वळली. "म्हंजे तुझंच चुकलं. ग्रहणात विळीवर बसली व्हतीस."

"रुख्मिणीबाई," द्वारकाबाई म्हणाली, "माज्या हातावरलं उतरवून पोरीच्या पोटावर ठेवू नका."

"ग्रहणानं असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कधी गरोदरपणात संसर्ग होतो, कधी जनुकांतच दोष असतो, कधी कारण सापडतच नाही. डोकं मोठं करायचं औषध नाही. पण डोळे, कान तपासू. हातापायांचा व्यायाम आजपासून करा. आणि मावशी, डोकं दाबायचं मात्र कोणाचंच नाही. त्याची गरज नसते."

शिवकन्येने एकच विचारले, "मला आई म्हनंल का?"

"आत्ता नाही सांगता येत, बाळा."



आता रोज सकाळी द्वारकाबाई नागेशला व्यायाम देते, डॉक्टरांनी दाखवला अगदी तसा. काल त्याने क्षणभर मान धरली. तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे. पाय, हात, पाठ करत ती डोक्यापाशी येते आणि थांबते. मग शिवकन्या तिचा हात धरून बाळाच्या टाळूवर ठेवते. दाबायला नाही, नुसता.