टपालमावशींचे पिवळे ठिपके

काही माणसांना देव वाटा पोटात घालूनच पाठवतो. टपालमावशी त्यातल्या. एकतीस वर्षं त्यांनी पत्रांची पिशवी खांद्याला लावून एकच फेरी मारली. शाळेशेजारच्या टपाल कचेरीतून निघायचं, ओढ्याकाठाने घळीतून वर चढायचं, तीन टेकड्यांवरची घरं करत दीपगृहाशी यायचं आणि तिथून कड्यावरच्या पायवाटेने खाली धक्क्यावर उतरायचं. अकरा किलोमीटर. घळीचा चढ सावकाश, म्हणून भरलेली पिशवी तिकडून. कड्याचा उतार उभा, म्हणून रिकामी पिशवी इकडून. यात बदल करावा असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

मावशी निवृत्त झाल्या आणि टपाल नव्या रस्त्याने गाडीतून जायला लागलं. वर्षभराने मावशी सहज घळीत गेल्या, तर नेचे गुडघ्यापर्यंत आलेले आणि ओढ्यातल्या दगडांना शेवाळ धरलेलं. घरी येऊन त्यांनी चपला दारात जरा जोरातच काढल्या. नवरा शिंपी, मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "कोणावर राग?"

"वाट मरायला लागलीय."

"वाट कशी मरेल गं?"

"पाय पडले नाहीत की मरते. अजून एक वर्ष, की मलासुद्धा सापडायची नाही."

"मग पाड की पाय. तुझे आहेतच दोन."

"दोन पुरत नाहीत हो," मावशी म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे त्यांना सुचलं की जास्तीचे पाय कुठे मिळतात.

गावातली तीसेक माणसं दर रविवारी सकाळी समुद्राकाठच्या डांबरी रस्त्यावर धावायची. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला गटार. त्यांचे सचिव बँकेत होते. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळराव म्हणत. डावं वेळेसाठी आणि उजवं डाव्यावर लक्ष ठेवायला, असं त्यांची बायकोच सांगायची.

मावशी सरळ बँकेत गेल्या. "साहेब, धूर खाऊन कसली तब्येत करताय? धक्क्यावरून निघा, कडा चढा, टेकड्यांवरून जा आणि घळीतून शाळेच्या मैदानावर उतरा. एका बाजूला समुद्र, एका बाजूला हिरवं. फुकट देतेय."

"मावशी, तिथे म्हणे नऊ फाटे आहेत. लोक चुकतील."

"खुणा मी करते."

"आणि कोणी चुकलं तर?"

"माझी वाट आहे. कोणी चुकणार नाही."

घड्याळरावांनी दोन्ही घड्याळं पाहिली. "एक रविवार देतो. एक जरी माणूस भरकटला तर परत डांबरावर. मग हा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार," मावशी म्हणाल्या. काढायची वेळच येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

शिंप्याने जाड पुठ्ठ्यात ताटलीएवढं गोल भोक कापून दिलं. "काजं बरीच केली आयुष्यात, एवढं मोठं पहिलंच," तो म्हणाला. आठवडाभर मावशी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन फिरल्या. फाट्यावर बरोबर बाजूचा मोठा दगड निवडायचा, पुठ्ठा धरायचा, ब्रश फिरवायचा. नेचे कापले, शेवाळ खरवडलं. शनिवारी दुपारी रंगलेले हात रॉकेलने धुऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि पोटभर जेवल्या.

रविवारी धावणं सात वाजता सुरू व्हायचं होतं. मावशी सव्वासहालाच धक्क्यावर हजर. घड्याळराव एकटेच पिशवीतल्या पांढऱ्या फक्कीने सुरुवातीची रेघ मारत होते. मावशी म्हणाल्या, "मी जरा धावणाऱ्यांच्या डोळ्यांनी बघून येते," आणि कड्याची वाट चढल्या.

पहिला फाटा आला. दगड होता. ठिपका नव्हता.

कोणी पुसला की काय, म्हणून त्या दगडाच्या पलीकडे गेल्या आणि मागे वळून पाहिलं. ठिपका तिथेच होता, टवटवीत पिवळा, डोंगराकडे तोंड करून. आठवडाभर त्या शाळेकडून निघून, घळीतून चढून, कड्याने उतरल्या होत्या. एकतीस वर्षांच्या पायांना दुसरी दिशाच माहीत नव्हती. प्रत्येक ठिपका त्यांना येताना दिसेल असा होता. धावणारे येणार होते उलटीकडून. नऊच्या नऊ दगड त्यांच्याकडे पाठ करून बसलेले.

"देवा, डोकं शाबूत ठेव," एवढंच म्हणून त्या खाली आल्या.

"घड्याळराव, खुणा उलट्या बाजूला झाल्यात. चूक माझी."

"अरे बाप रे! मग रद्द करूया?"

"रद्द कशाला? तुमची रेघ मारून झाली ना? उरलेली फक्की द्या इकडे. आणि सातला शिट्टी वाजवा. एक मिनिट आधी नाही."

"मावशी, अकरा किलोमीटर आहे!"

"मला सांगताय?" फक्कीची पिशवी खांद्याला अडकवत मावशी म्हणाल्या. खांद्याला ते वजन ओळखीचं वाटलं.

मावशी जन्मात धावल्या नव्हत्या. धावलं की पत्रं सांडतात. पण झपझप चालायच्या, आणि आज त्या झपझपीला थोडी उडी जोडली. पहिल्या दगडावर फक्कीचा मोठा फराटा. खाली समुद्र शिशासारखा स्थिर, वर दीपगृहाच्या काचेवर नुकतं ऊन आलेलं. दुसरा दगड. माथ्यावर वारा असा की निम्मी फक्की पदरावर आली. मग वाऱ्याकडे पाठ करून मारायला शिकल्या. तिसरा, चौथा, पाचवा. दुसऱ्या टेकडीवरची म्हातारी दारातून ओरडली, "काय गं, परत कामावर घेतलं की काय?"

"हो, तातडीचं टपाल आहे!" मावशी न थांबता ओरडल्या.

मागे, फार खाली, शिट्टी वाजली.

घळीत उतरताना त्यांना नवल वाटलं. इतकी वर्षं ही घळ त्यांनी चढताना, खाली मान घालून पाहिली होती. आज ती उतरत्या बाजूने सगळी एकदम उघडली. दोन्हीकडून नेचे झुकलेले, मधून ओढा, आणि टोकाला शाळेचं लाल छप्पर पार्सलवरच्या लाखेच्या शिक्क्याएवढं. आपल्याच घराच्या मागच्या दाराने आल्यासारखं झालं. पण बघायला वेळ नव्हता. सहावा, सातवा, आठवा. आठव्या दगडावर पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा कुठे अर्धा फराटा झाला.

नववा फाटा ओढ्याशी. उजवीकडे दगडांवरून पलीकडे गेलं की शाळा. सरळ गेलं की जुनी खाण आणि चिखल. चुकायची खरी जागा हीच, आणि हातात काही नाही. पाठीमागे पावलं वाजायला लागली.

मावशी सरळ जाणाऱ्या वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या, पाय रोवले आणि डावा हात आडवा धरला.

सगळ्यांत पुढे दवाखान्यातली नर्स होती. "मावशी, तुम्ही इथे?"

"मी नववी खूण. उजवीकडे. दगड कोरडे आहेत, घाबरू नकोस."

एकेकजण येत गेला, हात पाहून वळत गेला. मावशी मनात मोजत होत्या, एकही पाकीट राहू नये तशा. घड्याळरावांच्या यादीत अठ्ठावीस नावं होती. हात भरून आला तसा उजव्या हाताने डाव्याला आधार दिला, पण खाली सोडला नाही. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. मग बराच वेळ कोणीच नाही. ओढ्याचा आवाज तेवढा.

अखेर घड्याळराव आले. लालबुंद, पँटला नेच्यांची पानं चिकटलेली. फाट्याशी थांबून त्यांनी खाली मान घालून सरळ चिखलाकडे पाऊल टाकलं.

"अहो, उजवीकडे!"

ते दचकून वळले. मावशींचा पांढरा झालेला पदर पाहिला, रिकामी पिशवी पाहिली. "सगळे गेले?"

"तुम्ही अठ्ठाविसावे."

घड्याळराव गुडघ्यांवर हात टेकून दम घेत राहिले. घड्याळं पाहायची त्यांना आठवण झाली नाही. "इतकी वर्षं इथे राहतो, ही घळ कधी पाहिली नव्हती," ते म्हणाले. "पण मावशी, फक्की पहिल्या पावसात धुऊन जाणार. पुढच्या रविवारी काय करायचं?"

मावशींनी आता कुठे हात खाली केला.

"पुढच्या रविवारी शाळेकडून निघा आणि धक्क्यावर उतरा," त्या म्हणाल्या. "त्या बाजूच्या खुणा तयार आहेत."