निळीचं पिंप आणि पुण्याचं दही

सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून त्या दिवसांत जो वास सुटायचा, त्यामुळे चांगीला उतरणारी विमानं वरच्यावर नाक दाबून घिरट्या घालायची, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. बरं, विमानं सोडा. समोरच्या घरातली चिनी आंटी, जी ड्युरियनसारखं कुजक्या वासाचं फळ सोफ्यावर बसून मिटक्या मारत खायची, तिने माझ्यामुळे दाराशी उदबत्त्यांचे जुडगेच्या जुडगे लावायला सुरुवात केली, हे मात्र शपथेवर खरं.

वास निळीचा होता. पांढऱ्या शर्टांना देतात ती नव्हे. जपानी पद्धतीची, पानं कुजवून, राखेच्या पाण्यात आंबवून केलेली जिवंत नीळ. गोठा, ओला तंबाखू आणि पावसात भिजलेले शाळेचे मोजे एका पातेल्यात उकळले तर साधारण कल्पना येईल. फ्लॅटच्या मागच्या बाजूला, जिथे बाकीच्या बायका वॉशिंग मशीन ठेवतात, तिथे या निळीचं झाकणबंद पिंप ठेवलेलं होतं. ते मी सेरंगूनहून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने आणलं, कारण तीन टॅक्सीवाल्या अंकलनी मला पिंपासकट उतरवलं होतं. ड्युरियन एमआरटीत न्यायला बंदी आहे. निळीबद्दल नियम करायचं सरकारला सुचलं नव्हतं. पाया लेबरला गाडी बदलताना गर्दी अशी दुभंगली की मला वाटलं, माझ्या मागून कुणी मंत्री येतोय.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगते. पुण्यात मी एका कारखान्यात पंपांची ड्रॉइंग्ज तपासायचे. माझी सही झाल्याशिवाय एक बोल्टसुद्धा बाहेर जात नसे. नवरा जहाजावर इंजिनियर. कंपनीने त्याला सिंगापूर दिलं आणि मी माझी सही पुण्यात ठेवून त्याच्या मागून आले. माझ्या राहण्याच्या पासवर ‘डिपेंडंट’ असं लिहिलेलं. तो वर्षातला बराच काळ पाण्यावर, आणि मी जमिनीवर बसून त्याच्यावर अवलंबून. नोकरीसाठी इतके अर्ज केले की त्या कागदांची होडी करून मीच त्याच्या जहाजाला गाठलं असतं. काम मिळालं नाही. मिळाला तो सेरंगूनमधल्या एका वयस्क जपानी बाईंचा निळीचा वर्ग. बाईंची नखं कायम निळी, आणि बोलणं इतकं कमी की आमच्या वर्गातला शब्दांचा सगळा कोटा मीच संपवायचे.

त्याच बाई एका प्रदर्शनात होत्या. शहरातल्या गॅलरीत जपानी कलावंतांची नीळ दिलेली कापडं येणार होती, आणि शेवटची भिंत बाईंच्या शिष्यांसाठी ठेवलेली. प्रत्येकीचं एक काम आणि खाली तिचं नाव. सिंगापुरात माझं नाव छापलेली तोवर एकच वस्तू होती, वाचनालयाचं कार्ड. त्या भिंतीसाठी मी काहीही केलं असतं. केलंही. सासऱ्यांची धोतरं मागितली.

सासरे जाऊन बराच काळ झाला होता. त्यांची चार सुती धोतरं सासूबाईंनी कपाटात जपून ठेवली होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. असं कापड नीळ पिते, नव्याला ते जमत नाही. मी फोनवर भीत भीत विचारलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या म्हणाल्या की सासऱ्यांना सोवळ्यात निळं चालायचं नाही, पण आता कुठलं सोवळं. आणि त्या स्वतःच घेऊन आल्या. बॅगेत चार धोतरं, आणि एका डबीत वाळलेला हातरुमाल. रुमाल विरजणाचा. दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला. सिंगापूरच्या दुधात त्याचा एक कोपरा बुडवला आणि दुसऱ्या सकाळी पुण्याचं दही घट्ट लागलं, सुरीने कापावं असं. आईंच्या विरजणाची ख्याती मोठी. आमच्या नात्यात कुणाचं इडलीचं पीठ रुसलं तर डॉक्टरसारखं आईंना बोलावणं येई. त्यांच्या दह्याने मेलेला माणूस उठून बसला असं मी एकदा सांगितलं होतं, आणि एका चुलतनणंदेने ते खरं मानलं होतं.

बेत असा होता की चारही धोतरांचे पट्टे रात्रीच्या समुद्रासारखे काळेनिळे करायचे. पिंपात बुडवायचं, वर काढायचं, हिरवं कापड हवेत डोळ्यांदेखत निळं होताना बघायचं, पुन्हा बुडवायचं. पिंपाला रोज ढवळायचं, गव्हाच्या कोंड्याची पेज द्यायची, पानाला लावतात तो चुना द्यायचा, अधूनमधून तांदळाची दारू. दारूवरून आईंनी मला पुरेपूर छेडलं. मुलगा जहाजावर पीत नाही म्हणून सून पिंपाला पाजते, असं त्यांनी पुण्याला तीन घरी कळवलं. पण रोज सकाळी झाकण उघडून फेस आधी त्याच बघायच्या. पिंप बरं असलं की वर जांभळट फेसाचं फूल येतं. ते आलं की मला हाक मारायच्या.

पहिला पट्टा झक्क झाला. दुसऱ्याच्या निम्म्यावर मला हाव सुटली, मी तिसराही बुडवला, आणि फूल यायचं थांबलं. बाई तेव्हा जपानला गेलेल्या, कापडं आणायला. फोनवर म्हणाल्या की ते दमलंय, झाकून ठेवा, दोन दिवस हात लावू नका. प्रदर्शन तोंडावर आलेलं. मी पिंपाशेजारी स्टुलावर बसून रडले, आणि ते आईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी भिंतीचं माप घ्यायला गॅलरीत जायचं होतं. जाताना मी म्हटलं, जरा लक्ष ठेवा.

परत आले तर आई मागे पिंपाशी उभ्या, हात पदराला पुसत.

“झालं तुझं काम,” म्हणाल्या. “वाटीभर दही घातलं आणि चिमूटभर साखर. उद्या बघ कसं टम्म फुगून येतं.”

आता इथे मला थांबून सांगावं लागतं. आपल्या घरात जे आंबतं ते आंबट होऊन जगतं. ही नीळ आंबते, पण आंबट झाली की मरते. म्हणून तर तिला चुना लागतो. हे मी आईंना कधी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांना विचारायचं कारण नव्हतं. आंबवणं या विषयात त्यांनी आजवर कुणाला काही विचारलेलं नव्हतं.

 आई आंघोळीला गेल्यावर मी मूठभर चुना टाकला, पुन्हा टाकला, बाईंना फोन लावून दह्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, “आता काही घालू नका.” एवढंच. नवऱ्याचं जहाज तेव्हा आफ्रिकेला वळसा घालत होतं. त्याने तिथून तोडगा काढला की बाजारातून निळं कापड आणून लाव, कुणाला कळतंय. मी त्याला अटलांटिकमध्येच सोडून दिला.

सकाळी आई माझ्याआधी झाकण उघडून उभ्या होत्या. फूल नव्हतं. मातकट पाणी, वर दह्याच्या कण्या.

“का गं, नाही आलं?”

“ते आधीच गेलं होतं, आई,” मी म्हटलं. “तुमचं दही म्हणजे शेवटच्या घटकेचं गंगाजल.”

त्या हसल्या, पण नेहमीसारखं नाही.

बाई परतल्या त्या प्रदर्शन मांडायच्या आदल्या दिवशी. मी चारही पट्टे गॅलरीच्या जमिनीवर अंथरले. एक काळानिळा, एक अर्धवट, एक एकदाच बुडवलेला, दुधात शाईचा थेंब पडावा तसा. चौथा पांढराच. बाई गुडघ्यांवर बसून बघत राहिल्या. त्या फिक्या रंगाला त्यांच्याकडे नाव आहे म्हणाल्या, रांजणात नुसतं डोकावून आलेला रंग. मी म्हटलं, अर्धवट आहे सगळं. हो, अर्धवट आहे, त्या म्हणाल्या, आणि खिळे मागितले. चौथ्या पट्ट्यासाठीही.

तर माझं नाव लागलं. खरंच लागलं. जपानहून आलेल्या कापडांपुढे लोक देवळात उभे राहावेत तसे उभे होते, आणि शेवटच्या भिंतीशी एका गृहस्थाने विचारलं, हा शेवटचा पांढरा का? मी एक श्वास घेतला आणि सुटले. दर्यावर्दीची बायको बंदरावर उभी आहे, जहाज लांब लांब जातंय, समुद्र फिका होत होत शेवटी नुसतं धुकं उरतं. सात मिनिटांत मी इंग्रजीत असा दर्या उसळवला की एका बाईने डोळे टिपले. मलाही रडू आलं, इतकं ते जमलं होतं. आई नारायणपेठी नेसून मागच्या बाकावर बसल्या होत्या. हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलेलं.

परतीच्या एमआरटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. काळोख्या बोगद्यात काचेत त्यांचा चेहरा दिसत होता.

“जहाजाची गोष्ट छान रचलीस,” म्हणाल्या. “पण ते पांढरं राहिलं ते माझ्या दह्यामुळे ना?”

“नाही हो आई, काहीतरीच. ते आधीच...”

“मी तुझ्या बाईंना सांगितलं, दही मी घातलं, चूक झाली. तर त्या वाकून म्हणाल्या, माहीत आहे.” मग म्हणाल्या, “त्यांना खरं सांगितलंस. मला गंगाजल.”



मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी निवळेल. निवळलंही. त्या बोलत होत्या, हसत होत्या, समोरच्या आंटीला खुणांनी थालीपीठ शिकवत होत्या. फक्त दूध नुसतं तापवून फ्रीजमध्ये ठेवू लागल्या. जेवताना ताटात दही नसे. मी मॉलमधून प्लास्टिकच्या डब्यातलं आणलं, तेव्हा ते वाढून घेतलं आणि चांगलं आहे म्हणाल्या. त्या दह्याला चांगलं म्हणणाऱ्या जगात त्या एकट्याच असतील. मी म्हटलं, आई, रुमाल आहे ना, लावा की घरी. तर म्हणाल्या, तो धुतला. साबणाने.

पुण्याला निघायच्या आधी प्रदर्शन संपून पट्टे घरी आले. आईंनी ते पलंगावर पसरले, सगळ्यांवरून हात फिरवला. पांढरा उचलला, काठाला काठ जुळवून घडी घातली.

“ही तीन तुझी,” म्हणाल्या, आणि चौथं धोतर बॅगेत तळाशी ठेवून वरून साड्या भरायला लागल्या.