भाद्रपदातलं मीठ

करमरकर बाई गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. त्यांच्या वहिनींनी लिहिलं होतं, 'कुमुद गेल्या मंगळवारी गेली. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. तिच्या बोलण्यात तुमचं नाव असायचं. सवड झाली की येऊन जा.' कार्ड मी दोनदा वाचलं, आणि वाईट वाटायच्या आधी मनात आलं ते हे, की मला कशाला कळवलं? माणूस गेल्याच्या बातमीवरही संशय घ्यावा, हे काही बरं नव्हे. पण माझा स्वभावच तसा. वडील गिरणीच्या दारावर टाइमकीपर. आलो म्हणणारा माणूस खरंच आला आहे ना, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला, आणि ती खोड आम्हा भावंडांनाही लागली. करमरकर बाईंशी तर माझं सहा वर्षांपूर्वीच बिनसलं होतं. म्हणजे माझ्या बाजूनं बिनसलं होतं. त्यांची बाजू मी कधी विचारलीच नव्हती...

त्या वर्षी मी बी.टी. करत होते. राहायला मुलुंडला, कॉलेज मुंबईत, आणि सराव पाठ घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेत. शिक्षिका व्हायचं तर आधी दुसऱ्या बाईंच्या वर्गात, परक्या मुलींपुढे उभं राहून पाठ द्यायचे, असा तो प्रकार. मुली आम्हाला 'पाठाच्या बाई' म्हणत. खऱ्या बाई कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. पाठाचं टाचण आदल्या दिवशी वर्गाच्या बाईंना देऊन त्यावर सही घ्यायची. त्यात एका बाजूला आपण विचारायचे प्रश्न आणि समोर मुलींकडून अपेक्षित असलेली उत्तरं. मुली काय बोलणार ते आपण आधीच लिहून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भलतंच काहीतरी बोलायचं! मला मिळाली होती आठवी ब, करमरकर बाईंची. पन्नाशीच्या आसपासच्या, चापूनचोपून नेसलेल्या, बोलायला अगदी कमी. माझ्या प्रत्येक पाठाला त्या शेवटच्या बाकावर बसायच्या आणि तास संपला की "बरं झालं" एवढंच म्हणून निघून जायच्या. आता पाठ बरा झाला, की संपला ते बरं झालं, हे मी कशावरून ठरवायचं? त्यातून मुली उत्तर देण्याआधी माझ्याकडे न बघता मान वळवून मागे बघत. या बाई मागून काहीतरी खुणा करतात, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

सातव्या पाठाला तर एकही हात वर झाला नाही. चाळीस मुली आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. तास कसाबसा संपवून मी नळापाशी जाऊन रडले. घरी वडिलांनी आधीच बजावलं होतं, "नापास झालंस, तर मगे मी सांगान ता आयकुचा." काय सांगणार ते मला माहीत होतं. मालवणचं एक स्थळ वर्षभर थांबून होतं, आणि त्या घरात सुनेनं नोकरी करायची नव्हती. मी पदरानं डोळे पुसत होते तेवढ्यात करमरकर बाई हात धुवायला आल्या. माझ्याकडे क्षणभर बघितलं, हात धुतले, आणि एक शब्द न बोलता गेल्या. खूश झाली असणार, असं मी मनात म्हटलं.

परीक्षेच्या पाठाला मी विषय घेतला मिठागरांचा. म्हटलं, हा आपल्या घरचा. आमच्या मागच्या दारातून मिठाचे ढीग दिसायचे. आणि तरीही घाईत लिहिताना मी घाण करून ठेवली. 'मीठ कधी काढायला लागतात?' या प्रश्नापुढे फाल्गुनाच्या जागी लिहिलं भाद्रपद! टाचणाच्या दोन प्रती केल्या, दोन्हींत तेच. माझ्या लक्षात आलं नाही. बाईंनी टाचण घेतलं, दुसऱ्या दिवशी सही करून परत दिलं.

पाठ सुरू झाला आणि हात वर व्हायला लागले. पाचदहा नव्हे, तीसतीस. उत्तरंही अगदी माझ्याच शब्दांत. पहिली पाच मिनिटं मी हवेत होते, मग शंका यायला लागली... मुली इतक्या शहाण्या एका आठवड्यात होत नाहीत. तेवढ्यात तो प्रश्न आला. दुसऱ्या बाकावरची मुलगी ताडकन उठून म्हणाली, "भाद्रपदात." मला वाटलं, चुकली बिचारी. दुसरीला विचारलं. "भाद्रपदात, बाई." मग अर्धा वर्गच भाद्रपद म्हणायला लागला. परीक्षकांच्या हातात टाचणाची प्रत होती. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तास संपल्यावर म्हणाले, "भर पावसात मीठ? या मुली पढवलेल्या आहेत." मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. दारातून दिसत होतं, करमरकर बाई त्यांच्याशी खालच्या आवाजात बोलत होत्या आणि मध्येच माझ्याकडे हात करत होत्या. थोड्या वेळानं परीक्षक बाहेर आले. "तासाभरात सातवीवर दुसरा पाठ द्या. विषय मी देतो, टाचण नको."

विषय दिला घरापासून शाळेपर्यंतच्या नकाशाचा. मुलींनी आपापल्या वाटेवरच्या विहिरी, देवळं, पिठाच्या गिरण्या भराभर सांगितल्या आणि मी पास झाले. वडिलांना काही ऐकवायला जागा उरली नाही. माझ्या डोक्यात मात्र हिशेब पक्का बसला. बाईंना माझी चूक दिसली, त्यांनी ती मुद्दाम ठेवली, मुलींकडून घोकून घेतली, आणि वर परीक्षकांकडे जाऊन चहाडीही केली. पुढच्या वर्षी कळलं, की त्यांच्याकडून आठवी काढून त्यांना पाचवी दिली आणि पाठाच्या बाईही त्यांच्याकडे पाठवणं बंद केलं. मला आनंद झाला. झाला होता, तो कशाला लपवू?

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या घाटकोपर स्टेशनच्या पुलावर भेटल्या. कठड्याला संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचे कागद चिकटवलेले होते. मी वाचत असल्यासारखं केलं, पण त्यांनी हाक मारलीच. "सुमन, त्या दिवशीचं तुला सांगायचं राहून गेलंय बघ..." मी म्हटलं, "मला सगळं ठाऊक आहे, बाई." आणि चालू लागले. मागे वळून बघितलं नाही.

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी मी वहिनींकडे गेले. चाळीतल्या दोन खोल्या, भाऊ-भावजय आणि बाई. वहिनींनी चहा टाकला आणि आपणहूनच सुरुवात केली. "तू रडत होतीस ना गं नळापाशी? घरी आली ती तेच घेऊन. म्हणे, पोरगी चांगली आहे, पण मुली तिला दाद देत नाहीत. मग बसली तुझं टाचण घेऊन, आणि मुलींना सकाळी लवकर बोलावून उत्तरं पाठ करून घेतली."

"पण त्यातली चूक?" मी विचारलं. आवाजात अजून तपासणी होती.

"तिला काय कळतंय मिठातलं? आम्ही वाईकडची माणसं. मी म्हटलं होतं तिला, भाद्रपदात कसं गं? तर म्हणाली, मुलुंडची मुलगी आहे, मिठागरं तिच्या दारात, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

वहिनी सांगत होत्या... परीक्षक तिथल्या तिथे नापास करायला निघाले होते. बाईंनी त्यांना सांगितलं, पढवलं मी, या मुलीला काहीही ठाऊक नाही, हवं तर दुसऱ्या वर्गावर उभी करून बघा. तसं लिहूनही दिलं. म्हणून आठवी गेली. वहिनी नणंदेची बाजू सावरून घेत असतील, असंही माझ्या मनात आलंच. पण पाचवीचं तर मला त्यांनी सांगण्याआधीच माहीत होतं. त्यावर मी आनंदसुद्धा करून बसले होते.

"मनाला लागलं होतं तिच्या," वहिनी म्हणाल्या. "तू पुलावर भेटलीस ना, त्या दिवशी घरी येऊन सगळं सांगितलं तिनं. म्हणाली, तिला सगळं ठाऊक आहे गं वहिनी, आणि तरी ती माझ्याशी बोलली नाही. एवढं काय गं वाईट केलं मी? शेवटच्या आजारातही एकदोनदा म्हणाली. म्हणून कार्ड टाकलं. तूच सांग आता, सगळं ठाऊक असून तू असं का वागलीस?"

ठाऊक होतं म्हटलं असतं, तर मी फार तर एक मानी, कठोर मुलगी ठरले असते. वहिनींनी तेही समजून घेतलं असतं.

"मला काहीच ठाऊक नव्हतं, वहिनी," मी म्हणाले. "मला वाटत होतं, त्यांनी मला मुद्दाम पाडलं."

वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली. मग रागावल्याही नाहीत, नुसतं म्हणाल्या, "अगं, मग हे तिला विचारायचं होतंस ना... तिनं लगेच सांगितलं असतं."