काकूंच्या चालण्याचं माप

माप घेताना माणूस पोट आत ओढतो, हे मला मास्तरांनी सांगितलं. त्यांचं शिवणाचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मध्ये एकच भिंत. तीही अशी, की त्यांनी कात्री टेबलावर ठेवली तरी मला इकडे कळतं.

"कंबरेला टेप लागली की भल्याभल्यांचा श्वास कोंडतो," ते म्हणायचे. "त्या मापाने पँट शिवली, तर पहिल्याच जेवणाला बटण उडून समोरच्याच्या ताटात."

म्हणून त्यांची एक युक्ती होती. टेप लावायची आणि विचारायचं, "काय, घरी सगळे कसे आहेत?" माणूस आईचं दुखणं, मुलीची परीक्षा सांगायला लागतो, बोलता बोलता श्वास सुटतो आणि पोट आपल्या मूळ जागी येतं. तेव्हा आकडा वाचायचा. चाळीस वर्षं हा माणूस गिऱ्हाइकांना असा फसवत आला, त्यांच्याच भल्यासाठी.

एरवी मास्तर नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. "उद्या मिळेल का?" असं कुणी विचारलं की ते "काल का नाही आलात?" असं उलट विचारत. त्यांना पुरून उरणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. त्यांचं घर चौकाच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. रोज एक वाजता काकू डबा घेऊन रस्ता ओलांडायच्या, मास्तर जेवेपर्यंत माझ्या स्टुलावर बसून त्यांच्याच चहाड्या करायच्या आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत जायच्या.

काकूंचा उजवा गुडघा कामातून गेला होता. रस्त्यावर उतरताना त्या आधी डावा पाय ठेवायच्या, मग उजवा त्याच्या शेजारी आणून लावायच्या. रस्त्याच्या बरोबर मध्यावर थांबायच्या, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या आणि मागे वळून दुकानाकडे बघायच्या. मास्तर दारात उभे असायचे. ते हात वर करायचे. मग काकू उरलेला अर्धा रस्ता चालायच्या. मी चिडवायचे, "मास्तर, रोज काय बोटीवर बसवून देता का त्यांना?" त्यावर ते आत जाऊन उगाच मशीन जोरात चालवत.

तेव्हा आमच्या चौकात पायी चालणाऱ्यांसाठी दिवाच नव्हता. चारही बाजूंनी गाड्या, मधून माणसं जीव मुठीत धरून पळायची. शाळेतली पोरं, दवाखान्यात निघालेले म्हातारे, सगळे एकाच नशिबावर. मास्तरांनी रस्ते खात्याकडे अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज ते लिहायचे, प्रती मी काढायचे. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आम्ही तीन वर्षं थांबलो. का करताय एवढं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो गुडघा कोणाचा आहे? माझ्याच घरातला आहे ना?"

शेवटी एक दिवस खात्यातून इंजिनिअर आली. तरुण, सरळ मुलगी, हातात स्टॉपवॉच आणि एक कागद लावलेलं पॅड. तिने समजावून सांगितलं. दिवा बसणार आहे, पण तो किती सेकंद हिरवा ठेवायचा हे इथल्याच माणसांच्या चालण्यावरून ठरवायचं आहे. सगळ्यात जास्त महत्त्व म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याला. त्यात थोडी वाढ करून वेळ कायम होईल.

"कोणी आजी चालून दाखवतील का? रोजच्यासारखं चालायचं," ती म्हणाली.

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. फुटपाथवर पन्नास-साठ माणसं जमली होती. पोलिसाने गाड्या अडवून धरल्या होत्या. काकू लाजल्या, केस सारखे केले, चपलेचा पट्टा घट्ट केला. आणि मग पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "धर गं जरा. एवढ्या लोकांपुढे काय ओझी वाहत चालायचं?"

मी धरली. हे मी आज लिहितेय, पण किती वर्षं मास्तरांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

मास्तर दारातून म्हणाले, "अगं, नीट चाल. पाय ओढू नकोस. लोक म्हणतील, मास्तरांची बायको थकली."

"तुम्ही थकलात. मी नाही," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

अशा चालल्या काकू, की मी बघतच राहिले. मान ताठ, पाऊल पटपट, गुडघा जणू दुसऱ्याच कुणाचा. मध्ये थांबणं नाही, मागे बघणं नाही. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवला तेव्हा इंजिनिअर मुलीने बटण दाबलं. बारा सेकंद. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, हाताला अडकवलेली पिशवी डोलत होती. मास्तर तर असे हसत होते, जसं काही त्यांनीच काकूंना शिवून तयार केलं होतं. कागदावर साक्षीदार म्हणून त्यांनी ऐटीत सही केली. त्या संध्याकाळी काकूंनी गुडघ्याला शेक घेत मला सांगितलं, "मेला ठणकतोय. पण लाज नाही घालवली त्याने."

दिवा लागला. पंधरा सेकंदांचा. तरुण पोरं त्यात मोबाईल बघत जायची. काकू मध्यावर पोचायच्या, पिशवी बदलायच्या, मागे बघायच्या आणि तेवढ्यात हिरवा माणूस लुकलुकायला लागायचा. गाड्यांचे हॉर्न सुरू. पुढचा अर्धा रस्ता त्या हात दाखवत, गाड्यांना थांबवत पार करायच्या. मी म्हटलं, "काकू, हा वेळ पुरत नाही तुम्हाला, सांगू या ना त्यांना." त्यावर त्या म्हणाल्या, "वा गं! माझंच माप, आणि मलाच पुरत नाही म्हणून सांगू? हसतील सगळे." मास्तरही काही बोलले नाहीत. त्यांना दिसत होतं. पण दिवा त्यांच्याच अर्जाने आला होता, आणि आपलेच दात, आपलेच ओठ.

आठ महिने असे गेले. नंतर एका मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, मास्तरांकडे एक गिऱ्हाईक आलं होतं. काकू रिकामा डबा घेऊन निघाल्या. मला म्हणाल्या, "उद्या येताना तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं आणते." पाचेक मिनिटांनी ब्रेकचा आवाज आला. त्या आवाजाचं वर्णन मी आजही करू शकत नाही, आणि करायचंही नाही.

काकू मध्यावर थांबलेल्या होत्या. दिवा बदलला होता. पहिल्या गाडीने त्यांना बघून वेग कमी केला, मागच्या टेम्पोला त्या दिसल्याच नाहीत, तो बाजूने पुढे आला. मी पोचले तेव्हा बटाटे रस्ताभर घरंगळत होते. मास्तर टेप गळ्यात तशीच घेऊन रस्त्यावर बसले होते आणि काकूंच्या डोक्याखालचा हात काढायला तयार नव्हते. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. मशीन चालायचं, पण गिऱ्हाइकाला मास्तर काही विचारेनासे झाले. घरी सगळे कसे आहेत हा प्रश्न त्यांनी टाकून दिला, कारण लोक तोच प्रश्न परत विचारतात. ते नुसते टेप लावून उभे राहायचे. माणूस किती वेळ पोट ओढून धरणार? दमतोच कधीतरी.

एके दुपारी ते माझ्या स्टुलावर, काकूंच्या स्टुलावर, येऊन बसले.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांचा श्वास सोडवला मी," ते म्हणाले. "माप घेताना माणूस खोटं वागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिचं माप घेतलं तेव्हा मीच तिला सांगितलं, पोट आत ओढ."

"मास्तर, पिशवी मी धरली होती."

"तू धरलीस. मी हसत होतो." गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत म्हणाले, "रोज ती मागे वळून बघायची. त्या दिवशी मी एकाची बाही मोजत होतो. तिने बघितलं असेल. मी वर बघितलं नाही. मी दिसत नाही म्हणून जास्त वेळ थांबली असेल का गं?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्यांनी पुन्हा अर्ज केला. टेम्पोवाल्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, 'माप चुकीचं घेतलं गेलं आहे. कृपया पुन्हा घ्यावं.' दोन महिन्यांनी उत्तर आलं, की सदर चौकातील वेळ स्थानिक ज्येष्ठ नागरिकाच्या प्रत्यक्ष चालण्यावरून, रहिवाशांच्या उपस्थितीत ठरवण्यात आला आहे. सोबत त्या कागदाची प्रत. बारा सेकंद, आणि खाली मास्तरांची ऐटदार सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी ते पत्र फाडायला निघाले. मास्तरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि शांतपणे दुसरा अर्ज लिहायला बसले. असे एकूण नऊ अर्ज झाले.

नवव्यानंतर तीच इंजिनिअर मुलगी आली. तिला काय झालं ते कळलेलं होतं. ती मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. "आजोबा, कोण चालणार?" तिने विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

ते आत गेले आणि काकूंची पिशवी घेऊन आले. काकू गेल्या त्या दिवशी तिचा एक बंद तुटला होता, तो त्यांनी नव्याने शिवला होता, दुहेरी टाक्याने. तिच्यात त्यांनी दोन किलो बटाटे भरले, वर कांदे, वर रिकामा डबा. मास्तरांचे गुडघे शाबूत आहेत, हे चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पोलिसाने हात दाखवून गाड्या अडवल्या.

आधी डावा पाय उतरवला. उजवा त्याच्या शेजारी आणून लावला. मग पुन्हा डावा. तशी चाल मी हजार वेळा पाहिली होती, फक्त ती दुसऱ्या अंगात पाहत होते. मध्यावर येऊन ते थांबले. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. आणि मागे वळून आपल्या दुकानाकडे बघितलं.

दार उघडं होतं, दारात कोणी नव्हतं. ते बघतच राहिले. मला सहन होईना. मी माझ्या पायरीवरून खाली उतरले, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. मग ते वळले आणि उरलेला अर्धा रस्ता चालले.

ते परत आले तेव्हा मुलगी घड्याळाकडे बघत म्हणाली, "एकतीस सेकंद. पण आजोबा, मध्ये तुम्ही थांबलात, तो वेळ कमी करते."

"करू नका," मास्तर म्हणाले. "ती थांबायची."

तिने खोडलं नाही. एकतीसच लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. या वेळी मास्तरांची सही वेडीवाकडी आली.

आता आमच्या चौकातला दिवा पस्तीस सेकंद हिरवा असतो. गाडीवाले वैतागतात. "कोणाच्या आजीसाठी ठेवलाय एवढा वेळ?" असं एकजण खिडकीतून ओरडला, तेव्हा मी त्याला असे खडे बोल सुनावले, की तो पुन्हा या रस्त्याने आला नसेल. बहुतेक माणसं पंधरा सेकंदांत पलीकडे जातात. नंतर रस्ता मोकळा असतो, दोन्हीकडे गाड्या उभ्या आणि वर हिरवा माणूस एकटाच चालत असतो.

दुपारी दोन वाजता दिवा हिरवा झाला, की मास्तर टेप गळ्यात टाकून दारात येतात. गिऱ्हाईक असलं तर त्याला थांबायला सांगतात. रस्ता रिकामा होईपर्यंत बघतात, आणि मध्यावर कोणी नसताना हात वर करतात.