तळहातावरचा थेंब

सर्जननी वजनकाट्याकडे दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा ते वाकले तेव्हा अंबूमावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ उठला.

"सत्त्याहत्तर किलो आठशे," ते म्हणाले. "चपला काढल्यात ना?"

"पायातच आहेत की हो. काढल्या तर आणखी उतरेल."

सर्जन हसले, टेबलाशी गेले आणि ऑपरेशनची तारीख लिहू लागले. मावशी काट्यावरून उतरायचंच विसरली. तिथेच उभी राहून तिने पदराने तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाली, "विद्या, अजून एकदा आकडा वाच गे."

मी वाचला. त्या आकड्यासाठी तिने पाच महिने घालवले होते.

अंबूमावशी माझ्या आईची थोरली बहीण. चामराजपुरममधल्या तिच्या घरामागे पत्र्याची मोठी शेड आहे, तेच तिचं स्वयंपाकघर. तिथून रोज चाळीस घरी जेवणाचे कॅरिअर, म्हणजे डबे, जातात. बहुतेक घरांत दोनच म्हातारी माणसं असतात, मुलं परदेशी. शिवाय मुंजी, बारशी, श्राद्धं असतातच. तीस वर्षं हे चाललंय. तिचे यजमान भुजंगकाका पोस्टातून निवृत्त झाल्यावर कॅरिअरवर नावं लिहायचं काम त्यांनी मागून घेतलं. तुंगा नावाची मदतनीस वीस वर्षांपासून तिच्याकडे आहे. ती मावशीला अक्का म्हणते आणि घरच्यासारखीच भांडते.

गेल्या श्रावणात हुळीचं पातेलं उतरवताना मावशीच्या बेंबीपाशी कळ आली. हुळी म्हणजे आमच्याकडची डाळ-भाजीची घट्ट आमटी, आणि ते पातेलं दोघींनी धरायचं असतं. मावशीने एकटीने धरलं. बेंबीशी लिंबाएवढा फुगवटा आला, तो तिने दोन महिने साडीच्या निऱ्यांमागे लपवला. शेवटी तुंगाने काकांना सांगितलं.

"हर्निया आहे," सर्जन म्हणाले होते. "ऑपरेशन अवघड नाही. पण तुमचं वजन शहाऐंशी. या पोटावर घातलेले टाके धरतील याची मला खात्री नाही. अठ्ठ्याहत्तरच्या खाली या, मग करू. पाच महिने देतो. तोवर पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर स्वयंपाकाचं काम सोडावं लागेल. हर्निया अडकला तर जिवावर बेतेल."

मावशी घरी येऊन शेडच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिली. पातेली उचलायला एका माणसाला पाच महिन्यांपुरतं ठेवलं. त्यापुढचं कोणी बोललं नाही.

मी त्याच शहरात, विजयनगरमध्ये राहते आणि सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. त्यामुळे मावशीच्या फोनवर आहाराची नोंद ठेवणारं ॲप घालायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. जे खाल्लं ते लिहायचं, ॲप कॅलरी मोजणार, दिवसाची मर्यादा तेराशे.

पहिल्याच दिवशी वाद झाला. "यात हुळी नाहीच," मावशी म्हणाली.

"सांबार लिही ना."

"हुळीला सांबार लिहू? कोणी केलंय हे ॲप? त्याला आई नव्हती?"

मी हुळी, पातळ सारू, आंबटगोड गोज्जू अशी तिची पंचवीस पाककृतींची यादी स्वतः भरली. मग वाटीवरून खडाजंगी झाली. ॲपची वाटी केवढी आणि आपली केवढी? मी स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा आणून दिला. दोन दिवसांत मावशीला त्याची अशी गोडी लागली की ती काकांचा भातही तोलून वाढू लागली.

"मी पोस्टात होतो," काका म्हणाले, "पण पार्सल नव्हतो."

पहिल्या महिन्यात वजन त्र्याऐंशी किलो चारशेवर आलं. मावशीने तुंगाला आणि दोन्ही शेजारणींना आलेख दाखवला. मग तो आलेख थांबला. एक आठवडा, दोन, चार, सात. नोंदी तेराशेच्या आत, संध्याकाळी देवळापर्यंत चालणं, आणि काटा त्र्याऐंशी चारशेवर खिळ्याने ठोकल्यासारखा. सर्जननी थायरॉइड तपासून घेतलं, तेही ठीक निघालं. पाच महिन्यांतले जवळजवळ तीन संपले होते.

मग घरात जे व्हायचं तेच झालं. "मांजर डोळे मिटून दूध पिते," काका गमतीत म्हणाले. माझी आई फोनवर म्हणाली, "लहानपणीही डब्यातले लाडू तीच संपवायची." आणि मी, चुका शोधायचा पगार घेणारी, मावशीला सरळ विचारून बसले, "काही लिहायचं राहून जातंय का गं?"

तिने शेगडी बंद केल्याचा आवाज फोनवर आला. मग ती म्हणाली, "म्हणजे मी चोरून खाते."

"तसं नाही म्हणाले मी."

"म्हणालीस की."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण तिच्या नोंदी मला माझ्या फोनवर दिसायच्या आणि त्या रोज वेळेवर येत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारची नोंद होती: शेंगदाणे, दोन. वाटी नव्हे, मूठ नव्हे, दोन दाणे. ते वाचलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. दोन दाणे लिहिणारं माणूस लाडू लपवत नाही. चूक होती, पण ती मावशीच्या खरेपणात नव्हती.

रविवारी सकाळी सातला मी शेडमध्ये जाऊन पोचले. कॅरिअरबरोबर त्या दिवशी एका घरचा मैसूर पाकही होता. चारही शेगड्या पेटलेल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बस तिथे. वाट अडवू नको."

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. मावशी सारूच्या पातेल्यात पळी बुडवायची, डाव्या तळहातावर थेंब टाकायची, चाटायची, हात पदराला पुसायची आणि पुढच्या शेगडीकडे वळायची. गोज्जूचा थेंब. पायसाचा थेंब. बोंडा आत शिजलाय का, म्हणून एक तुकडा. पाक जमलाय का, म्हणून तुपाने थबथबलेली एक कड. मी लहानपणापासून हे पाहत आले होते, म्हणून आजवर मला ते दिसलंच नव्हतं. मी मनातल्या मनात मोजू लागले. नऊ वाजेपर्यंत त्रेचाळीस झाले.

"मावशी, आत्ता तू काय केलंस?"

"काय केलं? पाक बघितला."

"खाल्लास."

"खाल्ला कुठे? चव बघितली."

"पोटात गेला ना?"

"अय्यो, ते काम आहे गे! खाणं म्हणजे बसून खातात ते."

तुंगा कॅरिअर पुसता पुसता थांबली. "अक्का, पोरीचं खरं आहे. बोंड्याचा अर्धा तुकडा मीसुद्धा बघितला."

"तू सुम्मे राहा," मावशी तिच्यावर खेकसली, म्हणजे गप्प बस. पण हातातली पळी तिने खाली ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि तिला एक साधा प्रयोग करायला सांगितला. जितक्यांदा चव बघशील तितक्यांदा तेवढंच या स्टीलच्या वाडग्यात टाक. दुपारी बारापर्यंत वाडगा जवळजवळ भरला. सारू, तेल, गूळ, खोबरं, बोंड्याचे तुकडे, वर तुपाचे डोळे. तिच्याच छोट्या काट्यावर ठेवला. वाडग्याचं वजन वजा जाता दोनशे दहा ग्रॅम. मी अंदाजाने कॅलरी काढल्या, चारशेच्या वर गेल्या. आणि तो नुसता सोमवार होता, कुणाकडे कार्य नसलेला.

मावशी वाडग्यात बघत राहिली. "इतकं?"

"रोज इतकं."

"म्हणजे मी चोर नाही."

"नाहीस."

"आणि तुझं ते ॲपही खोटं नाही."

"नाही गं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. पोटाला त्रास होईल म्हणून दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती. सात आठवडे छातीवर घेतलेलं ओझं होतं ते. काका धावत आले, त्यांनी वाडगा पाहिला, गोष्ट ऐकली आणि मांजराबद्दलचे शब्द मागे घेतले.

पण हसू ओसरल्यावर खरी अडचण समोर उभी राहिली. चव न बघता चाळीस घरांना जेवण धाडायचं? तुंगाला बघायला सांगितलं तर तिच्या जिभेला सगळंच तिखट हवं. काकांना सांगितलं तर त्यांना सगळंच छान लागतं.

"माझ्या हातच्या जेवणाला तीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नाही," मावशी म्हणाली. "डोळ्यांवर पट्टी बांधून शिवायला सांगितल्यासारखं आहे हे."

काका दारात बसून केळीची पानं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "श्राद्धाच्या स्वयंपाकाला तू थेंबसुद्धा चाटत नाहीस. मग पितर परत येऊन मीठ मागतात काय?"

"पितरांना बोलता येत नाही म्हणून!"

"त्यांना येत नसेल. पानावर बसलेल्या भटजींना येतं की. तीस वर्षांत एकाने तरी तोंड उघडलं?"

मावशीने पळी धुवायला घेतली. श्राद्धाचा आणि नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो, आणि देवा-पितरांच्या आधी त्याला कोणी जीभ लावत नाही. असे शेकडो स्वयंपाक तिने केले होते. हुळीला उकळी फुटतानाचा वास, फोडणीचा आवाज, पळीवरून पाक कसा ओघळतो ते, यावरच ते झाले होते. पळी पुसून ती म्हणाली, "त्या दिवशी माझं नाक जागं असतं. इतर दिवशी जीभ पुढे पळते."

मंगळवारपासून तिने रोजचा स्वयंपाक श्राद्धासारखा करायला सुरुवात केली. सवय जाईना, म्हणून डाव्या तळहाताला ओल्या फडक्याची पट्टी बांधली. पहिल्या दिवशी आठ वेळा तिने फडकंच चाटलं. कॅरिअरवाल्यांकडून तक्रार आली नाही. पण कॅरिअरवाली माणसं म्हातारी आणि भिडस्त. तिला त्यांच्यावर भरवसा नव्हता. तिची परीक्षा तीन आठवड्यांनी होती, गंगाधररावांच्या साठीशांतीला. एकशेवीस पानं. गंगाधरराव कॉलेजात शिकवायचे, आणि जेवतानाही पेपर तपासल्यासारखे जेवायचे.

त्या दिवशी मी वाढायला गेले होते. मावशी दाराआड उभी, पट्टी अजून हाताला. पहिलं वाढप झालं आणि तुंगा धावत आली.

"अक्का, कोसंबरीत मीठ कमी आहे!"

 भिजवलेल्या मूगडाळीची ती कोशिंबीर एकशेवीस पानांवर वाढून झाली होती. मावशीने दाराच्या फटीतून गंगाधररावांचं पान शोधलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी कोसंबरीचा घास घेतला. थांबले. मग शेजाऱ्याशी चाललेलं बोलणं न थांबवता पानाच्या टोकाला बोट नेलं, चिमूटभर मीठ उचललं, कोसंबरीत कालवलं आणि खाऊ लागले. शेजाऱ्यानेही तेच केलं. मग हुळी आली, आणि गंगाधररावांनी ती दोनदा मागून घेतली.

"मीठ," मावशी पुटपुटली. "पानात सगळ्यांआधी मीठ वाढा म्हणून तीस वर्षं मीच ओरडते. कशासाठी वाढतात ते आज बघितलं."

ती मागच्या अंगणात गेली, हातावरची पट्टी सोडली आणि तोंडावर गार पाणी मारून घेतलं. मला वाटतं, तिचं खरं वजन त्या नळाशी उतरलं. काट्यावरचं पट्टी बांधली त्या मंगळवारपासून उतरत गेलं, आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, शेवटच्या दिवशीच्या सत्त्याहत्तर आठशेपर्यंत.

ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधला सारू पिऊन तिने नर्सला त्यात काय काय कमी आहे ते सांगितलं. नर्सने लिहून घेतलं म्हणे. तीन महिने तुंगाने शेड सांभाळली, आणि मागच्या बुधवारी सर्जननी मावशीला शेगडीपुढे उभं राहायची परवानगी दिली. पातेलं मात्र दोघांनीच धरायचं, जन्मभर.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले होते. काका कॅरिअरवर नावं लिहीत होते. पायस शिजलं, शेडभर वेलचीचा वास सुटला. मावशीने पळी बुडवली आणि डाव्या तळहातावर एक थेंब टाकला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. तुंगाने तर कपाळावर हात मारला.

मावशीने पळी ठेवली. शेगडी बारीक केली. दाराजवळचं स्टूल ओढलं, त्यावर नीट बसली, आणि मग डोळे मिटून तो थेंब खाल्ला.

"विद्या, लिही गे," ती म्हणाली. "पायस, एक थेंब."