मास्कच्या आत मायनस अकरा

"मास्क बसून न्हाई राहिला, भाऊ," पाईकराव सर म्हणाले. नाक मास्कमध्ये दाबलं गेल्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. पाण्यात घालायचा रबरी मास्क त्यांनी सरळ चष्म्यावरून ओढला होता. चष्म्याच्या दांड्या रबराखालून बाहेर आल्या होत्या आणि तिथून पाणी आत शिरणार, हे मलाही कळत होतं. माझ्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं तोंड दाबून हसत होती.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सर शिरड शहापूरला शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवायचे. त्यांची मुलगी चेन्नईला नोकरीला होती. तिने आईवडिलांना अंदमानला न्यायचं ठरवलं होतं. सरांनी वहीत सगळा बेत आखला होता : एक दिवस पक्ष्यांचं बेट, एक दिवस खारफुटीतून होडी आणि तीन सकाळी प्रवाळांचा खडक. तिथे स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून, मास्क लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचं पाहायचं. पोहणं सर लहानपणी विहिरीत शिकलेले होते. अडचण डोळ्यांची होती.

त्यांचा उजवा डोळा पडदा सरकल्यामुळे कायमचा गेला होता. डाव्याचा नंबर मायनस अकरा. म्हणजे चष्मा काढला की चार बोटांपलीकडचं सगळं धूसर. त्या डोळ्याचा पडदाही पातळ झाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी उडी मारायला मनाई केली होती, आणि हा डोळा किती वर्षं साथ देईल ते सांगता येत नाही, असंही सांगून टाकलं होतं.

"कॉन्टॅक्ट लेन्स?" मी विचारलं.

"एकुलता एक डोळा, अन् खारं पाणी. डॉक्टर न्हाई म्हणले. नंबरचा मास्क चेन्नईत भेटतो, पण इतक्या नंबरचा मागवावा लागतो. महिना लागतो म्हणे. आमी तर पुढच्या शनिवारी निघून राहिलो."

सोबत बाई होत्या, सरांच्या पत्नी. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तीस वर्षं लेकरायला फळ्यावर दाखवलं यांनी. एकदा सोताच्या डोळ्यानं पाहू द्या."

मी डॉक्टर नाही, चष्मेवाला आहे. पण बाईंच्या त्या वाक्यापुढे 'होणार नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी मास्क ठेवून घेतला.

कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेली मायनस अकराची एक लेन्स माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. ती मास्कच्या काचेवर चिकटवायची, असा माझा विचार. आतून चिकटवायला माझा हात पुरेना, मध्ये नाकाचा खळगा. म्हणून मी ती बाहेरून चिकटवली. फिटिंग इतकं देखणं झालं की मीच दोनदा फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मास्क लावून तक्ता वाचला. तक्ता म्हणजे आमचा अक्षरांचा बोर्ड, वरून खाली अक्षरं बारीक होत जातात. सरांनी खालून दुसरी ओळ धडाधड वाचली.

"बराबर!" मी म्हणालो.

"पाण्यात पाहू ना," सर म्हणाले. मास्तर ते मास्तरच.

दुकानामागे सिमेंटचा हौद होता. छोटा तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दगड ठेवून मी तळाशी सोडला. सरांनी डोकं पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं.

"काहीच न्हाई दिसून राहिलं."

मी म्हणालो, काच धुरकटली असेल. पुसली. परत तेच. मग म्हणालो, पाणी गढूळ आहे. पाणी स्वच्छ होतं, तक्ता मला वरून दिसत होता. सर हौदाच्या काठावर टेकले, मास्ककडे बघत राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"भाऊ, लेन्स कशामुळं काम करते? हवा अन् काच यांच्यात फरक आहे म्हणून. आपण तिला पाण्यात उघडी ठेवली. पाणी अन् काच यांच्यात फरक किती? तुमच्या अकराचे चारच राहिले असतील. नववीच्या पोरायला मीच शिकवतो हे!"

वीस वर्षं लेन्सा घासणारा मी, आणि ही गोष्ट एका मास्तरानं मला हौदावर शिकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेन्स आतच हवी होती, कोरड्या हवेत.

ती सोडवायला गेलो तर तिचे दोन तुकडे झाले. नवी मागवायला आठ दिवस लागणार होते, आणि हातात होते चार. बेताची वही मिटून सरांनी पिशवीत घातली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

चष्मा पुसून द्यावा म्हणून मी तो हातात घेतला आणि थबकलो. एक डोळा गेला असला तरी त्या बाजूला आम्ही तशीच जाड लेन्स बसवतो. तिला बॅलन्स लेन्स म्हणतात. तिच्यातून पाहायला कुणी नसतं. चष्मा एका बाजूला कलू नये आणि दोन्ही डोळे सारखे दिसावेत, एवढंच तिचं काम. सरांची ती लेन्सही मायनस अकराचीच होती, मीच बसवलेली.

"सर, ही काढू का? तिथं साधी काच घालतो. पण जाड लेन्सविना तो डोळा मोठा दिसेल. लोक बघतील."

"बघू द्या की," सर म्हणाले. "मला कुठं नवरदेव व्हायचंय?"

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. या वेळी मी लांब चिमटा घेऊन लेन्स आतून बसवली. नुसत्या कडेला सिलिकॉन लावलं, माशांच्या काचपेट्या जोडतात ते. दोन दिवस वाळवलं. गुरुवारी परत हौद. सर बराच वेळ पाण्यातून डोकं काढीनात. नळीतून गुरगुरल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी घाबरलो. सर नळीतून तक्ता वाचत होते.

पंधरा दिवसांनी ते परत आले. एक डोळा मोठा, एक बारीक, चेहरा उन्हानं करपलेला.

"कासव दिसलं, भाऊ. हात लांबवला असता तर लागलं असतं. रडू आलं मला. पण मास्कात रडायची सोय न्हाई. पाणी आतच साचतं अन् पुन्हा सगळं धूसर. मंग म्हणलं, रडणं किनाऱ्यावर."

"आणि प्रवाळ?"

सर जरा ओशाळले. "तीस वर्षं मी लाल खडूनं काढत आलो. तिथं बहुतेक तपकिरी, हिरवट, मातकट. काल वर्गात सांगून टाकलं, लेकरांनो, मी चुकीचं शिकवलं, आधी पाह्यलं नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. चूक कबूल करण्यात मी त्यांच्यामागे चार पावलं होतो.

दुकानात बसून तक्ता वाचून घेणं सोपं असतं. तक्ता वाचायला चष्मा कुणीच करत नाही. म्हणून आता नंबर काढून झाला तरी मी पेन उचलत नाही. आधी विचारतो, हा घालून तुम्हाला पाहायचंय काय? त्याचं उत्तर मिळाल्यावरच ऑर्डर लिहितो.